उघडली की बरी, झाकली की आजारी

“पोपट, उतर बघू खाली,” दादानं स्टेअरिंगवर हात आपटला. “तू बसलास की गाडी रडायला लागती.”

“गाडी दिवाळीपासनं रडतीया, दादा. मी तर आत्ता घाटाखाली पुढं आलो बसायला,” पोपट म्हणाला, आणि मुद्दाम आणखी फाकून बसला.

हसू नका गं, खरंच रडत होती ती. सरळ रस्त्याला नुसती कुरकुर, पण चढ लागला की हुंदके. धक्, धक्, मग मध्येच गप्प, की परत धक्, धक्. सगळी गाडी अंगभर थरथरायची. आमची ती जुनी डबा व्हॅन आठवते ना? इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं बघा तिच्यात. पुढं बसणाऱ्याला थंडीत शेकोटी आणि उन्हाळ्यात तवा. दिवस फाल्गुनातले, त्यामुळं पोपट तव्यावर होता. तो आमचा कैताळवाला. परातीएवढ्या झांजा तासन् तास वाजवायच्या म्हणजे अंगात ताकद पाहिजे, आणि पोपटाच्या अंगात ताकदीच्या भोवती आणखी बरंच काही होतं.

गाडी चालवत होता माझा थोरला भाऊ रणजित. हलगीची पार्टी त्याचीच. मी मागं, मांडीवर माझं घुमकं. हलगी वर कडकडते आणि घुमकं खालून घुमत तिला तोलून धरतं, ते माझं काम. आणि माझ्या शेजारी सर्जामामा. आईचा थोरला भाऊ, आमच्या पार्टीची हलगी. मला पहिला ठोका त्यानंच शिकवला, पोरीच्या जातीला घुमकं कशाला म्हणून घरचे ओरडत असताना. पांढऱ्या मिशा, कपाळाला बुक्क्यासारखा काळा तीळ. आणि नम्रपणा म्हणाल तर देवानं त्याला तो दिलाच नव्हता. “म्या हलगी शेकाया घेतली की देवळातला देव दाराकडं तोंड करतोय,” असं तो स्वतःच सांगायचा.

मामानं नेहमीसारखे बूट काढून ठेवले होते. ते युनिफॉर्मचे पांढरे बूट त्याला चावायचे. गाडीत बसला की आधी बूट काढणार, तळवे पत्र्याला टेकवणार आणि डोळे मिटणार. आमच्या दोघांच्या मध्ये दादाची कापडी पिशवी होती. रस्त्याला गचका बसला की ती कलंडून मामाच्या मांडीला लागायची. मी परत सरळ करायचे. परत कलंडायची.

त्या पिशवीत काय आहे ते मला माहीत होतं.

सकाळी निघताना दादानं मला गोठ्यामागं नेलं होतं. म्हणाला, “वैजू, वर पोचायच्या आत मामाला सांग. तुझ्यावर त्याचा जीव आहे, तुझ्याकडनं घेईल तो. आज त्याला वाजवायला उभं करायचं नाही. पुढं खुर्चीत बसवू, उपरणं घालू, नारळ देऊ. हलगीला कवठ्याचा पोरगा सांगितलाय, तो परस्पर येतोय वर.”

“दादा, जाखाईच्या जत्रेतल्या हलगीच्या सामन्यात मामा नाही?”

“सामना आहे म्हणूनच नाही! बघतीयेस ना तू? ह्या लग्नसराईत किती वेळा ताल सुटला त्याचा? परवा वरातीत नवरदेवाचं घोडंसुद्धा बावचळलं.”

ते खरं होतं. नाही कसं म्हणू? ज्या माणसाच्या ठोक्यावर आम्ही सगळे डोळे मिटून चालायचो, तो कधी पुढं पळायला लागला होता, कधी मागं राहायला लागला होता. चुकला की स्वतःच मिशीत हसायचा आणि जोरात वाजवायचा, म्हणजे चूक आणखी मोठी. पण हलगी काढून घेतली तर मामाकडं राहतं काय? मामी गेलेली, पोरगं परगावी. घरात खुंटीवर हलगी आणि खाली तो. सकाळी उठल्या उठल्या आधी तिच्यावरनं हात फिरवायचा आणि मग चूळ भरायचा.

मी तोंड उघडायचे, मामाकडं बघायचे, तोंड मिटायचे. घाट निम्मा झाला तरी माझं काही होईना. तेवढ्यात दुसऱ्या वळणावर व्हॅननं एक मोठ्ठा हुंदका दिला आणि बंदच पडली.

“झालं!” दादा उतरला. “घ्या आता जाखाईचं नाव!”

व्हॅन कडेला ढकलली, चाकामागं दगड लावले. दादानं पोपटाला उठवलं, पुढची सीट वर केली, इंजिन उघडं केलं आणि चावी फिरवली. आणि ती बया सुरू! एकदम शहाण्यासारखी. गुर्र गुर्र, ना गचका, ना हुंदका.

“बघ! बघ हिचं नाटक!” दादा कपाळ बडवायला लागला. “दोन मिस्त्र्यांनी बघितली. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं कार्बोरेटर धुतला. सीट वर केली की अशी. म्हणतात, गाडीला काय झालंच नाही. झाकली आणि चढाला लागली की मेली.”

“उघडली की बरी, झाकली की आजारी,” पोपट म्हणाला. “आमच्या आत्तीसारखं. डॉक्टर आला की उठून चहा करती.”

मामा इतका वेळ गाडीतच बसून होता. तो उतरला, अनवाणीच, आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला सारला. मामा तरुणपणी दोन वर्षं ट्रकवर क्लिनर होता, ते आम्ही हजारदा ऐकलेलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणं तो ट्रक त्याच्याचमुळं चालायचा.

“सर बाजूला. तुमी सगळी तोंडानं गाडी दुरुस्त कराया लागलाय.”

मग त्यानं हलगीची जाड टिपरी कमरेची काढली. एक हात सपाट ठेवला गाडीच्या पत्र्यावर, दुसऱ्या हातातल्या टिपरीनं प्लगच्या वायरीची टोपी हळूच उचलली. लाकूड होतं म्हणून झटका नाही. इंजिन लगेच लंगडायला लागलं.

“हे जितं,” मामा म्हणाला, आणि टोपी परत बसवली.

“म्हणजे?” मी विचारलं. त्याचं लक्ष इंजिनाकडं. मी त्याच्या पुढ्यात जाऊन परत विचारलं, तेव्हा म्हणाला, “हितं तिघं भाऊ नांगर वडत्यात. एकाला थांबवायचं आन् बघायचं. नांगर अडला, तर त्यो काम करत हुता. काय फरकच पडला न्हाय, तर समजायचं त्यो आदीच मेलाय, नुसता संगं चालतोय.”

दुसरी टोपी काढली. इंजिन लंगडलं. “हे जितं.” तिसरी काढली. तेही लंगडलं. “हेबी जितं. तिन्ही जिती हायती.”

“मग?” दादा ओरडला.

“मग झाका. पोपटा, बस वर.”

सीट खाली आली, पोपट बसला. गुर्र, गुर्र, आणि दादानं ॲक्सिलरेटर दाबला तसा परत हुंदका.

“ऊठ.”

पोपट उठला. हुंदका बंद.

“बस.”

परत सुरू.

“मामा, माझी अब्रू घेताय तुमी भर रस्त्यात,” पोपट म्हणाला. दादासुद्धा हसायला लागला. पण मामा हसत नव्हता. त्यानं दोघांना सांगितलं, “एकजण बसून राहा, एकजण दाबून धर,” आणि स्वतः गाडीच्या मागं गेला. मी त्याच्या पाठोपाठ.

तो सायलेन्सरपाशी उकिडवा बसला. धुराच्या तोंडासमोर तळवा धरला, वीतभर अंतरावर. डोळे मिटले. त्याची मान हलायला लागली, तशी आम्ही ताल धरताना हलते ना, अगदी तशीच.

“फूक, फूक, गप,” तो पुटपुटला. “फूक, फूक, गप. वैजे, हात धर.”

मी हात धरला. मला नुसता गरम वारा लागला. मग त्यानं माझं मनगट पकडलं आणि माझ्या हातावर दुसऱ्या बोटानं ठोका द्यायला लागला, आणि देवाशपथ सांगते, तो गरम वारा एकदम सुटा सुटा झाला! दोन फुंकरी आणि एक रिकामी जागा. दोन फुंकरी, एक रिकामी जागा. मी इतकी वर्षं त्या गाडीत बसले होते, आणि तिचा श्वास मला त्या दिवशी पहिल्यांदा हाताला लागला.

“बारकी चिपाटी आन हलगीची,” मामा म्हणाला.

मी धावत जाऊन हलगीची ती लांब, बारीक काडी आणली. आणि येताना बघते तर खालच्या वळणावरनं एक ट्रक वर येत होता, उसानं भरलेला, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. मामा रस्त्याकडं पाठ करून, निम्मा रस्त्यावर. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. तो कर्णा असतो ना, सगळा घाट दणाणला. बाभळीवरचे होले फडफडून उडाले.

मामाची मानसुद्धा हलली नाही.

परत हॉर्न. मी “मामाऽ!” म्हणून किंचाळले. तो आपला धुरावर हात धरून डोलतोय. मी धावले, बगलेत हात घालून त्याला मागं खेचला, आम्ही दोघंही मातीत बसलो, आणि उसाची पानं माझ्या तोंडाला घासून गेली. ट्रकवाला शिव्या देत वर निघून गेला.

दादा आणि पोपट पुढं. इंजिनाच्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. पोपट तर ओरडून विचारत होता, “मामा, अजून बसू का उठू?”

मामा माझ्या तोंडाकडं बघत होता. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. आणि मला एका क्षणात सगळं दिसलं. तो नेहमी समोर येऊनच का बोलतो. लांबनं हाक मारली तर ओ का देत नाही. गप्पांत सगळे हसले की तो सगळ्यांच्या मागनं का हसतो. आम्ही म्हणायचो, मामा गुर्मीत असतो.

“मामा,” मी ओठ नीट हलवत विचारलं, “कधीपासनं?”

त्यानं मिशीवरची धूळ पुसली. “झाली चार-पाच वरसं. आदी डावा गेला, मग उजवा. हलगी कानापाशीच वाजती, जाताना त्येस्नी घिऊन जाणारच की. तिचा हक्कच हाय.”

“आणि वाजवता कसं मग?”

त्यावर तो असा हसला, लहान पोरासारखा. तळपाय उचलून दाखवला मला. काळा, भेगाळलेला, मातीनं माखलेला. “तुजं घुमकं हिथनं येतंय. टाचंत. पोपटाचं कैताळ बोटांत खाजवतंय. भुई सांगती की सगळं. कान काय, शोभंला.”

मी त्याच्या पायाकडं बघतच राहिले. चार-पाच वर्षं! वराती, जत्रा, उरूस, हजारो माणसं नाचलेली, आणि ह्या माणसानं आमच्यातलं एक अक्षर ऐकलेलं नाही, आणि माझा एकेक ठोका झेललेला. पायानं!

मग त्याचं हसू विझलं. “पर आता लांबनं यितंय, वैजे. घोंगड्याखालनं आल्यावाणी. कान गेलं, आता पायबी चाललं आसत्याल. रणजितला सांगू नगंस. आजचा सामना वाजवू दे मला, मग बगू.”

आजचा सामना. आणि तिकडं पिशवीत नारळ आणि उपरणं.

तो माझ्या हातातली चिपाटी घेऊन उठला. पुढं गेला, पोपटाला बसलेलाच ठेवला, खाली वाकून चिपाटीचं एक टोक सीटखालच्या फटीतनं इंजिनाला टेकवलं आणि दुसरं टोक दातांत धरलं. हो, दातांत! दोन्ही हात पाठीमागं बांधलेले, डोळे मिटलेले, आणि काडी दातांत. जणू इंजिन त्याला घास भरवतंय. पोपटानं जोक करायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

“थांबिव,” मामा म्हणाला. दादानं चावी फिरवली. “इंजिन ठणठणीत हाय. वरनं कोण तरी त्येचं नरडं दाबतंय. रणजित, रोग कवापास्नं?”

“दिवाळीपासनं म्हणतोय ना मी मघापासनं!”

“मग दिवाळीला काय नवं केलंस? रोग आला की पयलं इचारायचं, त्येच्या आदी घरात नवं कोण आलं.”

“नवं काही नाही. धुतली, हार घातला. हां, गाद्या केल्या की! जाड फोमच्या. लग्नसराई तोंडावर आलेली, जरा गाडीची आणि पार्टीची शोभा दिसावी म्हणून. मिरजेच्या बाजारात एका फेरीत गाद्या पण घेतल्या आणि आपले बूट पण.”

“आता बुटानं काय इंजिन बंद पडतंय व्हय?” पोपट म्हणाला.

दादा हसला. पोपट हसला. ते हसले म्हणून मामाही हसला.

मी नाही हसले. माझ्या डोक्यात काहीतरी टिक् झालं होतं, पण ते काय आहे ते अजून धरता येत नव्हतं.

मामानं सीट उलटी केली. नव्या जाड गादीचा एक कोपरा खाली लोंबत होता, आणि त्यावर बोटभर खोल वळ उमटलेला, काळा, करपलेला. “ही बग. माणूस बसला की गादी खाली येती, वायरीला लोखंडाशी दाबती. दाबून दाबून वायरीवरलं रबर झिजलंय. वीज जायाची प्लगात, ती हितंच लोखंडाला चाटतीया.”

“कशावरनं?” दादा म्हणाला.

मामानं माझ्या घुमक्याची खोळ मागितली. ती काळी जाड खोळ मी आणि त्यानं डोक्यावरनं घेतली, आत अंधार केला. इंजिन सुरू. मामानं टिपरीनं वायर लोखंडाकडं दाबली. आणि अंधारात, माझ्या नाकासमोर, एक निळा ठिपका! टिक्. टिक्. टिक्. एवढासा, राईएवढा, पण असा निळा की मी तसा निळा परत बघितला नाही. आणि दर टिक्‌ला गाडीचा एक श्वास हुकत होता. तो दोन फुंकरींमधला रिकामा श्वास, तो हा. इथं सांडत होता.

“दिसलं?” खोळीच्या अंधारात मामानं विचारलं. मी मान हलवली. मग लक्षात आलं, अंधारात त्याला माझे ओठ दिसत नाहीत. मी त्याच्या पायावर पाय ठेवून दाबला. तो हसला.

“रबर पायजे,” बाहेर येऊन तो म्हणाला. “रबरातनं वीज जात न्हाय. ट्यूबचा तुकडा, काय बी. मधी घातलं की झालं.”

दादानं गाडी धुंडाळली. ट्यूब नाही, काही नाही. “आता रबर कुठनं आणू ह्या माळावर?”

आणि तेव्हा मला ते धरता आलं.

रबरातनं जात नाही.

मी मागं वाकले. सीटखाली मामाचे ते पांढरे बूट होते. खाली इतकं जाड रबर, दोन बोटं सहज. दिवाळीला काय नवं आलं? लग्नसराईत कोण लंगडायला लागलं? चार-पाच वर्षं कान नसताना जो माणूस चुकला नव्हता, तो ह्याच वर्षी का चुकला? पाय गेलेले नव्हते त्याचे! इंजिनासारखे तेही जितेच होते. आम्हीच त्याच्या आणि भुईच्या मधे दोन बोटं रबर घातलं होतं, शोभा दिसावी म्हणून.

मी बूट उचलला आणि पोपटाच्या हातात दिला. “तुझा सुरा काढ. तळ सोलून काढ ह्याचा.”

“अगं ए!” दादा धावला. “युनिफॉर्म आहे तो! वर पंच बसलेत, ते सगळं बघतात, बूट, टोपी...”

“आज मामाला खुर्चीतच बसवायचंय ना? मग बूट कशाला हवेत?”

“हळू बोल! ऐकेल तो!”

मामा दोन हातांवर आमच्याकडं पाठ करून वायर पुसत होता. त्याची पाठ तशीच. दादानं त्या पाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पाठीकडं बघितलं. काय कळलं त्याला, किती कळलं, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

“दादा,” मी म्हटलं, “एक फेरी. अनवाणी उभा कर त्याला, एकच फेरी. एक ठोका जरी सुटला तर मी माझ्या हातानं नारळ देते त्याला, सगळ्यांच्या देखत.”

दादानं पोपटाला मान हलवून खूण केली, आणि पोपटानं बुटाचा तळ कणसाच्या सालीसारखा सोलला. मामानं तो तुकडा वायरीभोवती गुंडाळला, हलगीच्या वादीनं करकचून बांधला. सीट खाली. पोपट वर. तोही देवाचं नाव घेऊन बसला. दादानं चावी फिरवली.

काय सांगू तुम्हाला! ती घाट अशी चढली जशी माहेरी निघाली. पोपट वर दोनदा मुद्दाम आदळून बसला, तरी हूं नाही की चूं नाही. मामा मागं तळवे पत्र्याला टेकवून, डोळे मिटून, मिशीत पुटपुटत होता, “फूक, फूक, फूक. फूक, फूक, फूक.”

वर जाखाईच्या माळावर ही गर्दी. सामन्याला लाकडी फळ्यांचं स्टेज, वर लाल जाजम. कवठ्याचा पोरगा आलेला, बूट चकचकीत, हलगी गळ्यात. दादानं त्याला चहा प्यायला पाठवलं. मामानं काडाचा जाळ करून हलगी शेकली, बोटानं टणकवून बघितली, हनुवटीला लावून बघितली. आमचं नाव पुकारलं. मी स्टेजवर चढले आणि आधी जाजमाचं टोक धरून मामाच्या जागेवरनं बाजूला फेकलं. मग माझेही बूट काढले. का कुणास ठाऊक, पोपटानंही काढले. खाली पंच एकमेकांकडं बघायला लागले.

मामा उघड्या फळीवर उभा राहिला. मी घुमक्यावर एकच ठोका टाकला.

त्याच्या पायाची बोटं आखडली.

मी बघत होते ना, म्हणून दिसलं. बोटं आखडली, फळीला धरून बसली, पक्ष्यानं फांदी धरावी तशी. त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. मी दुसरा टाकला. त्याचं तोंड उघडलं, डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्यानं खाली बघितलं, स्वतःच्या पायाकडं, मग माझ्या पायाकडं, मग कडेला पडलेल्या माझ्या बुटांकडं. आणि कळलं त्याला. आम्हा दोघांनाच कळलं. साऱ्या माळावर हजार माणसं, आणि आम्ही दोघंच.

मग त्यानं टिपरी उचलली.

ते कसं वाजलं ते मला सांगता यायचं नाही. मी इतकी वर्षं प्रयत्न करतेय सांगायचा. एवढंच सांगते, मी घुमकं वाजवत होते असं मला वाटेना, कोणीतरी खालनं माझ्या हातात ठोके आणून देत होतं. पोपटाच्या गालांवरनं घाम का पाणी वाहत होतं. खालची माणसं नाचायचं विसरून नुसती उभी होती. एक ठोका सुटला नाही. अर्धा नाही, पाव नाही. आणि शेवटचा ठोका पडल्यावर ती जी शांतता झाली, ती मामाला सगळ्यात आधी कळली. त्यानं पाय उचलला फळीवरनं, आणि परत ठेवला, जणू दार लावलं.

निकाल लागायला वेळ होता. आम्ही गाडीपाशी आलो. दादानं पिशवीतनं नारळ काढला, हातात तोलला, आणि गाडीच्या पुढच्या चाकाशी दगडावर आपटून फोडला.

“कशाचा रं?” मामानं विचारलं.

“गाडी बरी झाली त्याचा,” दादा त्याच्या समोर येऊन, हळूहळू, ओठ नीट हलवत म्हणाला.

मामानं कवड उचललं, खोबऱ्याचा तुकडा काढला, तोंडात टाकला, चावत राहिला.

“ग्वाड हाय,” तो म्हणाला. “मला सकाळीच म्हाईत हुतं. घाटभर माज्या मांडीला लागून आतलं पाणी हिंदकळत हुतं.” मग पिशवीकडं हनुवटी करून म्हणाला, “उपरणं काड आता. हात पुसू त्येला.”